सिसिलियनसमोर एक प्यादं सोडून खेळायला शिकले त्याबद्दल

बुद्धिबळात मी पांढऱ्यानं कायम ई४ खेळते, म्हणजे राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). मुंबईत कुठल्याही ओपन रॅपिडला, म्हणजे कमी वेळाच्या खुल्या स्पर्धेला जा, समोर दहा-बारा वर्षांचं पोर बसलेलं असतं आणि मी घड्याळ दाबायच्या आधीच ते सी५ करायला हात पुढे करतं. सिसिलियन, म्हणजे ई४ ला सी५ हे उत्तर. पुढच्या बारा-पंधरा चाली त्याला तोंडपाठ, क्लासमध्ये घोटून घेतलेल्या, त्यातला नायडॉर्फ प्रकार असो नाहीतर ड्रॅगन, आणि मी आठवडाभर फोर्टच्या ऑफिसात काम करून, डोंबिवलीहून लोकलनं ये-जा करून रविवारी सकाळी तिथे पोचलेली, मला त्या पाठांतराशी पाठांतरानं लढायचंच नव्हतं. मला असं काहीतरी हवं होतं की समोरचा तिसऱ्या-चौथ्या चालीला थांबेल आणि स्वतःच्या डोक्यानं विचार करायला लागेल. त्या शोधात स्मिथ-मोरा गॅम्बिट (गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ल्याची संधी घेणं) सापडलं आणि ते शिकायला जे जे केलं ते इथे लिहितेय, कारण मराठीत यावर वाचायला मला जवळजवळ काही मिळालं नाही.

आधी चाली. पांढरा ई४, काळा सी५, पांढरा लगेच डी४, काळा ते प्यादं घेतो, आणि आता वजिरानं परत घेण्याऐवजी पांढरा सी३ करतो, म्हणजे आणखी एक प्यादं पुढे करतो. काळ्यानं तेही घेतलं की घोड्यानं सी३ वर मारायचं. झालं, हेच गॅम्बिट. पटावर बघितलं तर पांढऱ्याचं एक प्यादं कमी आहे, पण घोडा बाहेर आलाय, दोन्ही उंटांच्या वाटा मोकळ्या आहेत, सी आणि डी या दोन उभ्या पट्ट्या हत्तींसाठी उघड्या आहेत, आणि काळ्यानं आतापर्यंत फक्त एक प्यादंच तीनदा चालवलंय, ते पण पटावरून गेलं. आमच्या चाळीच्या भाषेत सांगायचं तर ही पागडी आहे, पैसे आधी द्यायचे आणि जागा ताब्यात घ्यायची, फक्त जागेचा वापर लगेच सुरू केला नाही तर पैसे गेले ते गेले.

नाव दोन माणसांवरून पडलंय. फ्रान्सचा पिएर मोरा आणि अमेरिकेतल्या टेक्ससचा केन स्मिथ. या स्मिथनं यावर भरपूर लिहिलं आणि स्वतः खेळत राहिला, १९७२ मध्ये सान अँटोनियोला मोठी टुर्नामेंट झाली, कार्पोव्ह, पेट्रोशियान वगैरे मंडळी होती, तिथे त्यानं हे तगड्या खेळाडूंसमोर तीनदा खेळलं आणि तीनही गेम हरला. त्यामुळे या ओपनिंगची, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या या पद्धतीची, बरीच वर्षं टिंगल झाली. पण २०११ च्या यूएस ओपनला मार्क एसरमननं हेच गॅम्बिट लूक व्हॅन वेलीसमोर खेळलं, व्हॅन वेली म्हणजे एकेकाळी २७०० रेटिंगला (रेटिंग म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा) पोचलेला ग्रँडमास्टर, आणि एसरमननं डी५ वर घोडा सरळ फुकट ठेवून त्याला तीस चालींच्या आत हरवलं. तो गेम मी मोबाईलवर इतक्या वेळा पुढे-मागे केलाय की आता चाली बघायची गरज पडत नाही. त्या एका गेममुळे मला खात्री पटली की हे फक्त ब्लिट्झमधलं, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट गेममधलं, फसवाफसवीचं प्रकरण नाही.

शिकायची सुरुवात सगळे करतात तशीच केली, ट्रॅपचे, म्हणजे समोरच्याला फसवायच्या चालींचे व्हिडिओ. दहा मिनिटांत सहा ट्रॅप, असे. बघायला मजा येते, खोटं का बोलू, पण त्यातला एकेक ट्रॅप मी आमच्या सोसायटीतल्या काकांना दाखवायला लागले तेव्हा खरं शिकणं सुरू झालं. काका रेल्वेतून रिटायर झालेत, रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसबाहेर पट मांडून बसतात, आणि मुंबईच्या बुद्धिबळपटू खाडिलकर भगिनींचे गेम त्यांनी त्या काळात पेपरातून कापून वहीत चिकटवलेत, ती वही अजून आहे. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या हे मला त्यांनीच सांगितलं.

मी पहिला ट्रॅप दाखवला तो हा. गॅम्बिट घेतल्यावर काळा डी६ करतो, मी उंट सी४, तो अगदी साधेपणानं घोडा एफ६, आणि मी ई५! आता त्यानं डी६ च्या प्याद्यानं ई५ मारलं की उंट एफ७ वर मारून शह, राजाला उंट घ्यावाच लागतो, आणि डी पट्टी आता पूर्ण उघडी असल्यामुळे माझा डी१ चा वजीर सरळ जाऊन डी८ चा वजीर घेतो. आठव्या चालीला वजीर गेला.

काकांनी पट परत लावला, एकच चाल बदलली, डी६ च्या आधी त्यांचा घोडा सी६ वर आणला, आणि मला म्हणाले, "आता कर."

मी बघत बसले. उंट एफ७ वर मारला, राजानं घेतला, वजिरानं वजीर घ्यायला गेले तर सी६ चा घोडा डी८ वर परत मारतो. म्हणजे वजिराला वजीर आणि माझा उंट गेला.

"अगं, ट्रॅप पाठ करू नकोस," ते म्हणाले, "तो कुठल्या मोहऱ्यावर उभा आहे ते लिहून ठेव. तो मोहरा तिथे असला तर काय आणि नसला तर काय, दोन्ही."

त्या दिवसापासून मी वही केली. डाव्या पानावर ट्रॅप, उजव्या पानावर तो कशामुळे चालतो आणि कशामुळे मोडतो. माझ्या मते गॅम्बिट शिकायची हीच एक पद्धत आहे, कारण टुर्नामेंटमध्ये समोरचा व्हिडिओतल्या क्रमानं चाली करत नाही, तो एखादी चाल मागेपुढे करतो आणि तेवढ्यानं सगळं बदलतं. वरच्या ट्रॅपच्या उजव्या पानावर एवढंच लिहिलंय: डी८ ला राजाशिवाय कोणाचा आधार नाही ना?

आणि गंमत बघा, घोडा सी६ वर असला तरी ई५ ही चाल मरत नाही, तिचं फळ फक्त दुसरीकडे लागतं. हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. काळ्याचा घोडा सी६, माझा घोडा एफ३, त्याचं डी६, माझा उंट सी४, त्याचा घोडा एफ६, मी ई५, त्यानं मारलं. आता मी वजीर डी८ वर मारते, शह. दोन पर्याय. राजानं घेतलं तर घोडा जी५, आणि एफ७ वर माझा उंट आणि घोडा दोघांची नजर, घोडा एफ७ वर बसला की राजा आणि एच८ चा हत्ती एकदम. घोड्यानं घेतलं, जे बहुतेक लोक करतात, तर मी घोडा बी५. धमकी सी७ ची, तिथून राजाला शह आणि कोपऱ्यातला हत्ती पण जाणार. तो हत्ती बी८ ला सरकवतो, वाटतं संपलं. मग मी शांतपणे घोड्यानं ई५ चं प्यादं घेते. आता पट नीट बघा. काळ्याच्या राजाभोवती त्याचेच मोहरे आहेत, डी८ ला घोडा, एफ८ ला उंट, ई७ ला प्यादं, एफ७ ला प्यादं, एकच मोकळं घर डी७ आणि ते माझ्या ई५ च्या घोड्याच्या ताब्यात. म्हणजे घोडा सी७ ही आता नुसती धमकी राहिली नाही, ती सरळ मात आहे. वजीर पटावर नाहीत, दहावी चाल चाललीय, आणि मात येतेय! काळ्यानं ई६ करून राजाला ई७ ची वाट दिली तर घोडा सी७ शह, राजा ई७, मी उंट ई३, आणि परत मात येतेय, या वेळी उंट सी५ वर. त्याला बी६ करून ती थांबवता येते, पण राजा मध्येच अडकलेला राहतो आणि ई५ ला दिलेलं प्यादं परत आलेलं असतं, गॅम्बिटचं मूळ प्यादं मात्र अजून कमीच असतं.

ही लाइन मला समजली ती रात्री, कांदे चिरून झाल्यावर ओट्यावरच फोन ठेवून बघत असताना, आणि ज्या क्षणी ते डी७ चं घर दिसलं ना, तेव्हा मला कळलं की एक प्यादं देऊन आपण काय विकत घेतो. काळ्याचे मोहरे घरातच बसलेले असतात आणि तेच त्याच्या राजाच्या वाटा अडवतात. वजीर पटावरून गेले की गॅम्बिट संपलं असं मला वाटत होतं, तसं अजिबात नाही.

मग आला उलटा प्रकार, म्हणजे काळ्याचा ट्रॅप. स्मिथ-मोरा खेळणाऱ्यानं सगळ्यात आधी हा शिकावा असं मी सांगेन, आपल्या सगळ्या युक्त्यांच्याही आधी. याला सायबेरियन ट्रॅप म्हणतात, रशियाच्या खबारोव्स्कमध्ये १९८७ च्या एका गेममध्ये तो खेळला गेला होता. काळा घोडा सी६, ई६, वजीर सी७, घोडा एफ६ असं लावतो. पांढरा आपल्या नेहमीच्या सवयीनं घोडा एफ३, उंट सी४, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे सुरक्षित नेणं), वजीर ई२ करतो, सगळ्या पुस्तकात बसणाऱ्या चाली. आणि काळा घोडा जी४ वर आणतो. कोणाच्याही हाताला लगेच एच३ सुचतं, घोड्याला हाकलायला. ती चाल केली की खलास, काळा सी६ चा घोडा डी४ वर टाकतो. तो घोडा माझा वजीर मागतोय आणि एफ३ चा घोडाही. मी एफ३ च्या घोड्यानं तो मारला तर एच२ वरचा पहारा उठला, सी७ चा वजीर तिरका धावत एच२ वर येऊन मात करतो, जी४ चा घोडा त्याला आधार देतो. जी४ चा घोडा मारला तर वजीर गेला. एच३ न करता उंट बी३ केला तरी तेच घोडा डी४, तेच एच२.

याच्या उजव्या पानावर काय लिहायचं? काकांनी मला बरोबर प्रश्न विचारला, "डी४ वर तुझं कोण आहे?" कोणी नाही, फक्त एफ३ चा घोडा आहे आणि तोच एच२ राखतोय, एकाच घोड्यावर दोन कामं. उत्तर तिथूनच मिळतं. घोडा जी४ आल्यावर मी घोडा बी५ करायचं, वजिरावर हल्ला आणि डी४ वर दुसरा पहारा, एकाच चालीत. त्याहून चांगलं म्हणजे तिथपर्यंत जायचंच नाही, समोर वजीर सी७ आणि घोडा एफ६ दिसला की वजीर ई२ ची सवय सोडायची, लगेच घोडा बी५, त्याचा वजीर बी८ ला गेला की ई५. आता मी हेच खेळते.

वजीर ई२ आणि हत्ती डी१ ही जोडी मात्र बाकीच्या ठिकाणी सोन्यासारखी आहे. काळ्यानं डी६, ई६, उंट ई७ असं सावध लावलं आणि माझा हत्ती डी१ वर आला की डी६ चं प्यादं पिन होतं, कारण त्याच्या मागे डी८ वर वजीर उभा. मग ई५ ची धमकी कायमची डोक्यावर. ई५ केल्यावर त्यानं प्याद्यानं मारलं तर डी पट्टी उघडते आणि हत्ती वजीर घेऊन जातो. म्हणून चांगले खेळाडू तिथे स्वतःच ई५ करून माझ्या प्याद्याची वाट बंद करतात. हे बघायला सोपं वाटतं पण त्यानं ई६ आणि मग ई५ असं एकाच प्याद्याला दोन वेळा चालवलं, आणि डी५ चं घर कायमचं कमकुवत केलं. यात ट्रॅप कुठेच नाही, कोणी फसलं नाही, तरी माझं प्यादं वसूल व्हायला लागलेलं असतं. असल्या गोष्टी दहा मिनिटांत सहा ट्रॅपवाल्या व्हिडिओत सापडत नाहीत.

घोडा डी५ चं बलिदान, एसरमनवालं, मला सगळ्यात जास्त वेळ घेऊन गेलं. त्याचं गणित पूर्ण मोजता येत नाही, निदान माझ्या ताकदीच्या माणसाला. घोडा डी५ वर जातो, ई६ च्या प्याद्यानं मारला की माझं ई४ चं प्यादं डी५ वर मारतं, आणि आता ई पट्टी उघडली, त्या पट्टीवर काळ्याचा राजा अजून ई८ वरच आहे, माझं डी५ चं प्यादं पुढे सरकून त्याच्या मोहऱ्यांचा गळा आवळतं. मी यासाठी स्वतःला तीन प्रश्न ठरवून घेतलेत: राजानं कॅसल केलंय का, ई पट्टीवर माझा हत्ती किंवा वजीर दोन चालींत येतो का, आणि त्याचा राजाच्या बाजूचा उंट अजून घरी आहे का. राजा मध्ये, हत्ती येतोय, उंट घरी, तर मी घोडा टाकते. नाहीतर नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर, कधीकधी याला नाक मुरडतं, पण पंधरा मिनिटांच्या गेममध्ये ते सगळं सांभाळायला समोर इंजिन बसलेलं नसतं.

इंजिनवरून आठवलं, स्टॉकफिश हे इंजिन या गॅम्बिटला काय म्हणतं हे लोक लगेच विचारतात. ते काळ्याला थोडं बरं दाखवतं, हो. प्यादं वर आहे म्हटल्यावर दाखवणारच. माझं म्हणणं एवढंच की तो थोडासा फायदा घ्यायला काळ्याला दहा-बारा चाली बिनचूक खेळाव्या लागतात आणि त्यातल्या बऱ्याच चाली त्याच्या सवयीच्या विरुद्ध आहेत. नेहमीच्या सिसिलियनमध्ये डी६, घोडा एफ६ या बिनधास्त चाली, इथे त्याच क्रमानं केल्या तर ई५ बसतं. ज्याला सिसिलियन जास्त पाठ, त्याचा हात इथे जास्त चुकीच्या जागी जातो, हे मी स्वतः बघितलंय.

सरावासाठी लिचेस ही बुद्धिबळाची साइट वापरली, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. रोज डोंबिवलीहून जाताना, बसायला जागा मिळाली तर, ओपनिंग एक्सप्लोररमध्ये माझ्याच रेटिंगच्या लोकांनी काळ्यानं काय काय खेळलंय ते बघायचे. ग्रँडमास्टर काय खेळतात ते बघून माझा फायदा नाही, माझ्यासमोर ग्रँडमास्टर बसणार नाहीये. आणि संध्याकाळी परत येताना, ठाण्यानंतर गर्दी उतरली की, ब्लिट्झ. ब्लिट्झमध्ये एक गोष्ट जाणवली ती म्हणजे तिथे ट्रॅप फार लागतात आणि त्यानं सवय बिघडू शकते, आपण समोरच्याच्या चुकीची वाट बघत बसतो. म्हणून मी प्रत्येक जिंकलेला गेम पण काकांना दाखवायचे. ते काळ्याकडून खेळून दाखवायचे की इथे त्यानं हे केलं असतं तर तुझ्याकडे काय होतं. हरलेल्या गेमपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

मग दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये रॅपिड होती, पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद, तिथे पहिल्यांदा हे रेटेड गेममध्ये काढलं. रविवार, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक, म्हणून पहाटेच निघाले होते. हॉलबाहेर पालकांची गर्दी, डबे, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पेअरिंगचे, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्याचे कागद. एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी, मुली आता खूप दिसतात. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला कोनेरू हम्पीला हरवून, आणि त्यावरूनच ती ग्रँडमास्टर झाली, त्यानंतर तर बाहेर उभ्या आयांच्या बोलण्यातही तिचंच नाव असतं.

काळ्यानं खेळलेले गेम सोडते, ते वेगळे. पांढऱ्यानं पहिल्याच गेमला समोर एक चुणचुणीत मुलगा, सी५ झटकन, मी डी४, त्यानं मारलं, मी सी३ आणि तो थांबला. माझ्याकडे बघितलं, पटाकडे बघितलं, आणि मग मारलं. पुढे घोडा सी६, डी६, घोडा एफ६, अगदी माझ्या वहीतल्या पानासारखं. मी ई५ केलं. त्यानं बराच वेळ घेतला आणि मारलं, वजीर गेले, घोड्यानं घेतलं, घोडा बी५, हत्ती बी८, घोडा ई५ वर. त्याला सी७ ची मात दिसली, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यानं बरोबर ई६ केलं. शह, राजा ई७, उंट ई३, त्यानं बी६ केलं, म्हणजे पुढची मातही बघितली होती त्यानं. खूप छान खेळला तो. पण एवढ्यात त्याची निम्म्याहून जास्त मिनिटं संपली होती आणि राजा अजून मध्येच होता, मी लांबच्या बाजूला कॅसल करून हत्ती डी१ वर आणला, डी८ च्या घोड्यावर दाब वाढत गेला आणि शेवटी त्याला एक मोहरा सोडावा लागला. गेम संपल्यावर त्यानं मला विचारलं, "मावशी, मी ते ई५ घेतलं नसतं तर?" मी त्याला बाहेर बाकावर बसून दाखवलं, डी६ चं प्यादं मारू देऊन घोडा जी४ वर न्यायचा वगैरे, आणि त्याची आई डबा उघडून उभी, तो जेवायलाच तयार नाही. या खेळात मला सगळ्यात जास्त आनंद याच गोष्टीचा होतो.

नंतरच्या एका राऊंडला एक मुलगी, वयानं साधारण कॉलेजातली. घोडा सी६, ई६, वजीर सी७. मी कॅसल केलं, तिनं घोडा एफ६, आणि आता पुढे जी४ येणार हे दिसत होतं. मी घोडा बी५ केला, वजीर बी८, ई५. तिनं अजिबात न घाबरता घोड्यानं ई५ घेतलं, घोड्यांची अदलाबदल झाली, तिचा वजीर ई५ वर, आणि मी दोन प्यादी मागे. हत्ती ई१, वजीर परत बी८ ला गेला. मोजून बघितलं तर तिच्या वजिरानं नुसत्या फेऱ्या मारल्या होत्या आणि बाकीचे मोहरे अजून जागेवर. मी वजीर डी४ वर आणला, पुढे उंट एफ४ चा बेत. तिनं जे केलं ते शिकण्यासारखं होतं, तिनं प्यादी राखायचा हट्टच केला नाही, एक परत दिलं, मग दुसरंही, कॅसल करून घेतलं आणि बरोबरीचा शेवट आला, ड्रॉ. गॅम्बिट खेळणाऱ्याचा खरा त्रास असला शांत माणूस असतो. ट्रॅप ओळखणारे पुष्कळ असतात, घेतलेलं प्यादं योग्य वेळी परत देणारे कमी, आणि वहीत मी या गेमसाठी डावं-उजवं दोन्ही पानं भरली.

आता ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी माझं मत. तुम्हाला एक प्यादं कमी असताना बेचैन व्हायला होत असेल तर हे ओपनिंग घेऊ नका, कारण बऱ्याच गेममध्ये पंधराव्या चालीपर्यंत ते प्यादं परत येत नाही आणि नुसत्या दाबावर विश्वास ठेवून बसावं लागतं. मोहऱ्यांची अदलाबदल करत सुटण्याची सवय असेल तरी घेऊ नका, वरच्या त्या एका लाइनमध्ये वजीर गेले ते चालतं कारण तिथे लगेच घोडा बी५ आहे, एरवी प्रत्येक अदलाबदल काळ्याला हवी असते. पण हल्ला करायला आवडत असेल आणि दिवसाला अर्धा तासच मिळत असेल, तर सिसिलियनच्या शंभर फाटे असलेल्या जंगलात शिरण्यापेक्षा हे कितीतरी सुटसुटीत आहे. घोडा एफ३, उंट सी४, कॅसल, वजीर ई२, हत्ती डी१ हा ढाचा, आणि त्यातून कधी बाहेर पडायचं हे ठरवायला वजीर सी७ ची ती एक खूण.

एक प्रश्न उरतो तो म्हणजे समोरच्यानं प्यादं घेतलंच नाही तर. हे होतं, आणि मोठ्या वयाच्या अनुभवी खेळाडूंकडून जास्त होतं. सी३ वर ते सरळ घोडा एफ६ करतात. मग ई५, घोडा डी५, आणि गेम अलापिन सिसिलियनमध्ये जातो, तिथे गॅम्बिटचा तो दंगा नसतो. सध्या माझं आणि काकांचं काम यावरच चाललंय: घोडा एफ३, त्यांचा घोडा सी६, उंट सी४, घोडा बी६, उंट बी३, आणि इथे काळ्यानं नीट डी५ केलं तर बरोबरीचं आहे, पण तो निष्काळजीपणे जी६ करून उंट बाहेर काढायला गेला तर घोडा जी५, परत तेच एफ७. काका म्हणतात डाव्या पानावर लिहिण्याआधी त्याचं उजवं पान शोध, तर सध्या ते शोधतेय.